अछूत कन्या ते झुंड : पडद्यावरचा आपला माणूस निर्णय कधी घेतो?

एखाद्या चित्रपटात निळा झेंडा दिसला, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर दिसली, की दुसऱ्या दिवसापासून आपल्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरू लागतो : आपला सिनेमा आहे, सहकुटुंब पाहा. मग सामूहिक बुकिंग होते, थिएटरात जयभीमच्या घोषणा होतात, फोटो पडतात. यात वाईट काहीच नाही. ज्या समाजाच्या माणसाला पडद्यावर कित्येक दशके धड आडनावही मिळाले नाही, त्याचा ऊर आपला महामानव मोठ्या पडद्यावर पाहून भरून येणारच. पण त्याच वेळी कुणा तरुणाने त्या चित्रपटातली एखादी उणीव दाखवली, तर त्याला थेट चळवळीचा शत्रू ठरवले जाते. दुसऱ्या टोकाला असेही मित्र आहेत, जे एकही चित्रपट न पाहता 'सगळे मनुवाद्यांचे' म्हणून निकाली काढतात. या दोन्ही सवयींमुळे चित्रपटाचे बरे-वाईट तपासण्याची शिस्त आपल्याकडे रुजली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही चित्रपटाला एकच प्रश्न विचारतो. त्यात जातीचा विषय आहे का, हा तो प्रश्न नाही, कारण तो विषय बोलपटाच्या सुरुवातीपासून पडद्यावर आहे. आमचा प्रश्न असा की गोष्टीला वळण देणारा निर्णय कोण घेतो? शोषित माणूस घेतो, की त्याच्या वतीने दुसरा कुणी घेतो आणि आपला माणूस फक्त मरतो, रडतो, नाहीतर कृतज्ञ होतो? हा प्रश्न घेऊन मागे गेलो, तर भारतीय चित्रपटाचा इतिहास वेगळाच दिसू लागतो. शेजारी आपल्या चळवळीचा इतिहास ठेवला, तर आणखी स्पष्ट दिसतो.

१९३६ पासून सुरुवात करू. त्या वर्षी बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. निर्माते हिमांशू राय, दिग्दर्शक जर्मनीहून आलेले फ्रान्झ ऑस्टेन, नायिका देविका राणी, नायक अशोक कुमार. कस्तुरी ही रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य गेटमनची मुलगी, प्रताप हा ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा. दोघांचे प्रेम, पण लग्न होत नाही. दोघांची लग्ने आपापल्या जातीत लावली जातात. शेवटी फाटकावर प्रताप आणि कस्तुरीचा नवरा यांची मारामारी होते, गाडी येत असते, आणि कस्तुरी गाडीखाली जाते. चित्रपट सुरू होतो तो तिच्या समाधीपाशी. म्हणजे जिवंतपणी जिला घरात घेता आले नाही, तिला मेल्यावर पूजेला लावले.

या चित्रपटाचे मोठेपण आम्ही नाकारत नाही. अस्पृश्य मुलगी नायिका आहे, तिचे नाव कस्तुरी आहे, ती गाते, प्रेम करते, हे त्या काळी थोडे नव्हते. कस्तुरीच्या बापाने प्रतापच्या बापाचा साप चावल्यावर जीव वाचवला, ही दोन घरांची दोस्ती चित्रपटाने मनापासून रंगवली आहे. पण त्याच वर्षी पडद्याबाहेर काय चालले होते ते पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले होते की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने भाषणाचा मजकूर वाचून संमेलनच रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी मे १९३६ मध्ये ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. तेच 'जातिप्रथेचे विध्वंसन'. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत मुंबई इलाखा महार परिषद भरली आणि 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण झाले. परिषद दादर-नायगावात आणि बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ मालाडला. एकाच शहरात एकीकडे हजारो माणसे धर्म सोडायचा की नाही यावर स्वतः ठराव करत होती, आणि दुसरीकडे पडद्यावरची अस्पृश्य मुलगी स्वतःच्या लग्नाचाही निर्णय घेऊ शकत नव्हती. चित्रपटवाल्यांना हे दिसत नव्हते असे कसे म्हणावे? वर्तमानपत्रे तर रोज छापत होती.

त्याच्या आदल्या वर्षी, १९३५ ला, प्रभातचा 'धर्मात्मा' आला होता. बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली होती. त्याचे नाव आधी 'महात्मा' होते, सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवतात, हा त्यातला क्रांतिकारक क्षण. जेवायला कोण गेले? एकनाथ. अस्पृश्याने काय केले? वाढले. हा साचा पुढे पन्नास वर्षे टिकला.

मराठीत त्याला एक सन्माननीय अपवाद आहे. आचार्य अत्र्यांचा 'महात्मा फुले' १९५४ ला आला आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. त्याच्या मुहूर्ताला खुद्द बाबासाहेब हजर होते. बाबुराव पेंढारकर जोतिराव झाले होते आणि सुलोचनाबाई सावित्रीमाई. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत ज्यांना गुरू मानले, त्या फुल्यांचे जीवन पडद्यावर आणायला अत्र्यांसारखा ब्राह्मण माणूस पुढे आला आणि त्याने प्रामाणिकपणे काम केले, हे मान्य करण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये.

आता 'सुजाता'कडे येऊ. या चित्रपटावर आपल्याकडे पुरेशी चर्चा झालेली नाही. बिमल रॉय यांचा हा चित्रपट १९५९ चा. नूतनने सुजाताची भूमिका केली आणि त्यासाठी तिला फिल्मफेअर मिळाले. कॉलऱ्यात आई-बाप गेलेली अस्पृश्य मुलगी एका ब्राह्मण इंजिनिअरच्या घरी वाढते. घरची बाई लोकांना सांगते की ही आमची मुलगी नाही, मुलीसारखी आहे. या 'सारखी'त सगळा चित्रपट आहे. नूतनने तो शब्द ऐकताना जो चेहरा केला आहे, तो आजही पाहवत नाही. कार्यालयात, हॉस्टेलवर, मित्राच्या घरी 'तू आमच्यासारखाच आहेस' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. ते सौजन्याचे वाक्य किती टोचते, हे बिमल रॉय यांना कळले होते. अस्पृश्याच्या श्वासातून विषारी वायू निघतो, अशी शिकल्यासवरल्या माणसांची बडबड ते ज्या थंडपणे दाखवतात, तेही दाद देण्यासारखे आहे. (आणि ही घरची बाई कोण? पाच वर्षांपूर्वी सावित्रीमाई झालेल्या सुलोचनाबाईच!)

पण शेवट पाहा. बाई जिन्यावरून पडते, रक्त लागते, घरात कुणाचेही जुळत नाही, सुजाताचे जुळते. ती रक्त देते, मग बाईचे डोळे उघडतात आणि सुजाता खरी मुलगी होते, तिचे अधीरशी लग्न लागते. म्हणजे माणूस म्हणून मान्यता मिळवायला कस्तुरीला जीव द्यावा लागला, सुजाताचे एका बाटलीवर भागले. तेवीस वर्षांतली प्रगती एवढीच. रक्त जुळले नसते तर? तर ती 'मुलीसारखी'च राहिली असती का? चित्रपट हा प्रश्न स्वतःला विचारतच नाही.

आमचा याहून मोठा आक्षेप पुढे आहे. जीव द्यायला निघालेली सुजाता पावसात घाटावर येते, तिथे तिला गांधीजींचा पुतळा दिसतो आणि त्यांच्या शब्दांनी ती माघारी फिरते. चित्रपटात चांडालिकेची कथाही येते, रवींद्रनाथांच्या नृत्यनाट्याच्या रूपाने. आनंद भिक्खू तहानलेला आहे आणि प्रकृती नावाच्या चांडाल मुलीच्या हातचे पाणी पितो, ही मूळ आपली, बौद्ध साहित्यातली कथा. हीच प्रकृती बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही आहे. तो ग्रंथ १९५७ ला प्रसिद्ध झाला. तिथे प्रकृतीची कथा पाण्याच्या ओंजळीवर थांबत नाही, ती धम्मदीक्षा घेते आणि संघात जाते. ज्या चित्रपटाने चांडालिका आणली, त्याने संघ वगळून तिला सवर्णाच्या घरची सून केले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्याला तीन वर्षेही झाली नव्हती. देशातल्या अस्पृश्यतेवर चित्रपट काढायचा, त्यात बुद्धाच्या शिष्याची कथा सांगायची, आणि बाबासाहेबांचे नाव एकदाही यायचे नाही! बिमल रॉय हे प्रामाणिक दिग्दर्शक होते, कपटी नव्हते. म्हणूनच हे अधिक गंभीर आहे. चांगल्या सवर्ण माणसाच्या कल्पनेतही अस्पृश्यांचा स्वतःचा नेता, स्वतःचा ग्रंथ, स्वतःचा धर्म यांना जागा नव्हती.

हीच गोष्ट १९८२ च्या 'गांधी'त झाली. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या त्या तीन तासांवरच्या चित्रपटात भारत सरकारच्या चित्रपट महामंडळाचा पैसा होता. त्यात बाबासाहेब कुठेच नाहीत आणि १९३२ चा पुणे करारही नाही. जगभरच्या शाळांत मुले तो पाहतात.

मधल्या काळातल्या मराठी चित्रपटाबद्दल थोडक्यात. अण्णाभाऊ साठ्यांच्या 'वैजयंता', 'फकिरा' या कादंबऱ्यांवर साठच्या दशकात चित्रपट निघाले, पण कादंबऱ्यांतली धग त्यांत उतरली नाही. अण्णाभाऊ १९६९ ला हलाखीतच गेले. तमाशा ही महार-मांग-कोल्हाट्यांनी जगवलेली कला, तिच्यावर मराठी चित्रसृष्टीने गल्ला भरला. १९७२ चा शांतारामबापूंचा 'पिंजरा' आजही लोक डोक्यावर घेतात. गाणी उत्तमच आहेत, डॉ. लागूंचे काम उत्तमच आहे. पण गोष्ट काय सांगते? तमासगिरीण बाईमुळे आदर्श गुरुजी बिघडतो. त्याच १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांची दलित पँथर उभी राहिली. पँथरच्या पोरांनी काय लिहिले आणि चित्रसृष्टी काय दाखवत होती, याची तुलना ज्याची त्याने करावी.

श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'पासून (१९७४) खरा बदल दिसतो. जमीनदाराचा मुलगा लक्ष्मीचा उपभोग घेतो आणि ती गरोदर राहिल्यावर अंग काढून घेतो. गर्भ पाड म्हटल्यावर ती नकार देते. हा निर्णय तिचा आहे, आणि शबाना आझमींनी शेवटी जमीनदाराला दिलेले शिव्याशाप हे हिंदी पडद्यावरच्या शोषित स्त्रीचे पहिल्या काही खऱ्या शब्दांपैकी आहेत. पण तिचा नवरा किष्टय्या मुका-बहिरा आहे. मार खाणारा पुरुष मुकाच का लागतो, हे आम्हाला कधी कळले नाही. शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारून पळून जातो. त्या मुलाचे नाव आपल्याला सांगितले जात नाही.

तो दगड पुन्हा उचलला गेला तो ३९ वर्षांनी, आणि या वेळी मारणाऱ्याचे नाव होते : जब्या.

नागराज मंजुळे हा करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला मुलगा. त्याचा 'फँड्री' २०१३ ला तयार झाला आणि १४ फेब्रुवारी २०१४ ला थिएटरात लागला. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. कैकाडी कुटुंबाला गावाची डुकरे धरायचे काम, आणि घरातला जब्या शाळेतल्या शालूवर जीव टाकतो. डुक्कर धरताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, सगळे ताठ उभे राहतात, आणि हातातोंडाशी आलेले डुक्कर निसटते. मग बांधलेले डुक्कर काठीवर टांगून घरचे लोक शाळेच्या भिंतीवरून जातात, आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, गाडगेबाबा आहेत. कुणी भाषण देत नाही, संगीत उसळत नाही. बाबासाहेबांची तसबीर पडद्यावर कशासाठी असावी, याचे इतके अचूक उत्तर आम्ही दुसऱ्या चित्रपटात पाहिलेले नाही. तिथे ती टाळ्यांसाठी नाही, ती गावाला जाब विचारते. जब्याने शेवटी मारलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. थिएटरात बसलेल्या आपल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, पण तो त्यांच्याकडेही भिरकावला होता. भटक्या-विमुक्तांच्या पाड्यावर आपल्यापैकी किती जण जातात?

'फँड्री' लागल्यानंतर अडीच महिन्यांत, २८ एप्रिल २०१४ ला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या एका दलित मुलाला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून हाल करून मारण्यात आले. साक्षीदार फुटले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. 'फँड्री'ला अतिशयोक्ती म्हणणाऱ्यांनी या तारखा शेजारी लिहून ठेवाव्यात.

'सैराट'ने (२०१६) मराठीत पहिल्यांदा शंभर कोटींचा आकडा ओलांडला. निम्मा चित्रपट गाण्यांवर नाचवून उरलेल्या निम्म्यात प्रेक्षकाला घाम फोडायचा, हे धाडस मोठे. पण आम्हाला यात एक गोष्ट खटकते. सगळे निर्णय आर्चीचे आहेत. ट्रॅक्टर तिचा, बुलेट तिची, बंदूकही तीच चालवते, आणि हे सगळे पाटलाच्या घरातून आलेले बळ आहे. परश्या सुंदर आहे, हळवा आहे, पण तो आर्चीच्या मागे चालतो. स्त्री म्हणून आर्ची आपल्याला आवडते, त्यात दुमत नाही. तरी परश्याच्या बाजूने प्रश्न शिल्लक राहतोच. हिंदीतल्या 'धडक'ने (२०१८) तर जातच पुसून टाकली, श्रीमंत-गरीब एवढेच ठेवले. वस्तीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले होते, मग त्यांना मारले कशासाठी? तिच्या प्रश्नाला त्या चित्रपटात उत्तर नाही. 'धडक २' (२०२५) मध्ये जात परत आली ती मारी सेल्वराज यांच्या तमिळ 'परियेरुम पेरुमाळ'मुळे, आणि तेव्हा सेन्सॉर मंडळाने कात्री चालवली.

तमिळ दिग्दर्शकांचे नाव निघाले म्हणून 'जय भीम'बद्दल (२०२१). आपल्याकडे हा चित्रपट जवळजवळ पूजनीय झाला आहे. सेंगेनीने पोलिसांचे पैसे नाकारणे, तिने पायी चालत जाणे आणि पोलीस गाडीने निमूट तिच्या मागून येणे, शेवटी वकिलासमोर छोट्या मुलीने पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडणे, ही दृश्ये कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात दाखवावीत अशीच आहेत. पण चित्रपटाचे ओझे वाहतो तो वकील. इरुला समाजाच्या वाट्याला मार येतो, युक्तिवाद येत नाही. 'आर्टिकल १५' मध्ये (२०१९) हे आणखी उघडे आहे. बाबासाहेबांनी लिहिलेले कलम पोलीस ठाण्याच्या फळ्यावर डकवतो ब्राह्मण अधिकारी, आणि त्याच गावात दलितांची संघटना बांधणारा निषाद गोळी खाऊन मरतो. म्हणजे आपण पुन्हा रुळावर कस्तुरीपाशी आलो.

याच्या उलट 'कोर्ट' (२०१४). आपले वीरा साथीदार त्यात लोकशाहीर नारायण कांबळे झाले. नागपूरच्या चळवळीत आयुष्य घालवलेला माणूस कॅमेऱ्यासमोर नुसता बसला, तरी अभिनय करावा लागत नव्हता. २०२१ च्या कोरोनात ते गेले. चित्रपट उत्कृष्ट आहे. तरी दोन्ही बाजूंचे वकील आणि न्यायाधीश यांच्या मागे कॅमेरा घरापर्यंत, जेवणापर्यंत जातो, आणि कांबळेंना तेवढा वेळ देत नाही, ही तक्रार आम्ही नोंदवून ठेवतो. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' मात्र हा वेळ देतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा जण गेले, त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. तिथून सुरू करून चौदा वर्षे चित्रण केलेला हा माहितीपट आहे. त्यातले लोक स्वतः बोलतात, वाद घालतात, गातात.

'झुंड'मध्ये (२०२२) नागपूरच्या झोपडपट्टीची जयंती अमिताभ बच्चनसह पडद्यावर आली आणि आपण सगळे हरखून गेलो. तारणहार प्राध्यापकाचा साचा इथेही आहे, पण पोरे एकेक करून आपापली कहाणी सांगतात, आणि रिंकू राजगुरूची आदिवासी मुलगी व तिचा बाप एका कागदासाठी कचेऱ्या हिंडतात, तिथे नागराजने तो साचा वाकवला आहे.

जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'ला (२०००) वेगळ्या लेखाची गरज आहे. मामूट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. पण चित्रपट इंग्रजीत, आणि थिएटरांत फार थोड्यांना दिसला. सरकारी पैशाने काढलेला बाबासाहेबांवरचा चित्रपट आपल्यातल्या बहुतेकांनी जयंतीच्या मांडवात नाहीतर टीव्हीवर पाहिला. २०२५ च्या 'फुले'ची गोष्ट ताजी आहे. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर मंडळाने महार, मांग, पेशवाई अशा उल्लेखांत बदल सुचवले, आणि ११ एप्रिलच्या फुले जयंतीला येणारा चित्रपट २५ एप्रिलला आला. फुल्यांच्या चित्रपटातून जातींची नावे काढायची, तर फुले कशाशी लढले?

राहिली आपल्या स्वतःच्या चित्रपटांची उणीव. कॅमेरा आपल्या हाती आला, तरी आपला नायक सवर्ण मुलीवरच प्रेम करतो. जब्याची शालू, परश्याची आर्ची, परियनची ज्योती. दलित मुलगी कुठे आहे? ती बहीण असते, आई असते, मागे चुलीपाशी असते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती जमवल्या, त्याला तीन दशके उलटून गेली. त्या पुस्तकात निर्णय घेणाऱ्या बाया पानोपानी आहेत. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, समोर हजारो बाया बसल्या होत्या आणि बाबासाहेब त्यांच्याशी बोलत होते. घरून निघताना त्या बायांनी कुणाला काय सांगितले असेल, भाकरी कुणी बांधून दिली असेल, कुणाच्या नवऱ्याने अडवले असेल? यावरचा एकही चित्रपट आमच्या पाहण्यात नाही. आपल्यापैकी कुणी पटकथा लिहीत असेल, तर आम्ही ती वाचायला आणि वस्तीत वाचून दाखवायला तयार आहोत.

जयभीम.